मागचं वजन

आबांच्या तोंडी रामनामापेक्षा "हाट्!" जास्त असायचं. कोणी नवी गाडी दाखवायला आणली, हाट्. कोणी मुलगा इंजिनिअर झाला म्हणून पेढे आणले, तर पेढा तोंडात टाकून हाट्. एकदा मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा दुकानासमोरून गेला. सगळा रस्ता हात जोडून उभा होता आणि आबा मधल्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत म्हणाले, "हाट्! शॉकअप ग्यात." शॉकअप गेलेत म्हणे. माघारी सगळं जळगाव त्यांना हाट्-आबा म्हणायचं. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण उत्तर काय मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नात्याने ते माझे मामा. हायवेवर त्यांचं पाट्यांचं दुकान होतं. ट्रकच्या, जीपच्या मागच्या चाकांवर वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यातली एक पट्टी म्हणजे पाटा, आणि सगळ्या मिळून कमान. रावेरची केळी आणि इकडचा कापूस वाहून वाहून ज्या गाड्यांची कंबर मोडायची, त्या आबांच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. तरुणपणी ते मुंबईला एका गॅरेजात होते. तिथे म्हणे धावपट्टीवरच्या शर्यतींसाठी गाड्या तयार होत. 'म्हणे' अशासाठी, की त्या दिवसांबद्दल आबा एकच वाक्य बोलत, "तठे बी बठ्ठा येडाच व्हतात." तिथेही सगळे वेडेच होते.

एक मात्र ध्यानात ठेवावं लागायचं. गिऱ्हाईक, पाहुणे, बँकेचे साहेब यांच्याशी आबा छापील मराठी बोलत. अहिराणी त्यांनी राखून ठेवली होती ती अपमानासाठी, आणि अपमान फक्त आपल्या माणसांसाठी. त्यामुळे घरातल्या कोणी अहिराणीत बोलणी खाल्ली की तो निश्चिंत होऊन जेवायला बसायचा. आबा 'आपण' म्हणू लागले, की समजावं, या माणसाला त्यांनी मनातून उतरवलं. माझ्या वडिलांशी ते आयुष्यभर 'आपण'च बोलले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी धुळ्याबाहेरच्या एका माळावर दर हिवाळ्यात गाड्यांची शर्यत भरायची. शर्यत म्हणजे काय, तर फक्कीने आखलेली वाकडीतिकडी वाट, लाउडस्पीकर, भज्यांच्या गाड्या आणि धूळ. गावाच्या नावाला शोभेल इतकी धूळ. जिनिंगवाल्या शेठजींची पोरं बापाच्या गाडीवर मोठाले आकडे चिकटवून यायची, काळे चष्मे लावायची आणि पहिल्याच वळणावर फक्की ओलांडून बाभळीत जाऊन थांबायची. त्यांतल्या एकालाही आपल्याला गाडी चालवता येत नाही असं वाटत नसे. खोट नेहमी गाडीत असायची. मग ती गाडी घेऊन स्वारी आबांकडे.

"आबा, गाडी बरोबर नाही."

आबा खुर्चीतून न उठता विचारत, "आपण डॉक्टरकडे गेल्यावर 'अंग बरोबर नाही' एवढंच सांगता का? कुठे दुखतं ते सांगावं. वळणात शिरताना? वळणाच्या मधोमध? की बाहेर पडताना?"

यातलं काहीही त्या पोराला माहीत नसायचं. वळणात तो डोळे मिटून घेत असावा, अशी माझी खात्री आहे.

आबांच्या लेखी शर्यतीच्या गाडीला दोनच आजार. एक, हट्टी गाडी. स्टेअरिंग वळवलं तरी नाक वळत नाही, पुढची चाकं जमीन धरत नाहीत, गाडी आपली सरळ बाभळीकडे. दुसरी, सुटणारी गाडी. ही वळते, पण मागची चाकं जमीन सोडतात आणि शेपूट बाहेर फेकली जाते. सगळी औषधं या दोहोंपैकी एकावर. शर्यत संपवून गाडी आली की ते टायरवर तळहात ठेवून कुठली कड जास्त तापली ते बघत. डिक्कीचा एक कोपरा दाबून सोडत आणि गाडी किती डोलते त्यावरून शॉकअपची तब्येत सांगत. धुळीत उमटलेल्या चाकांच्या खुणांमागून तर ते हरवलेलं जनावर शोधावं तसे मान खाली घालून चालत जात. आणि उपचार एका वेळी एकच. टायरची हवा कमी केली तर त्या दिवशी दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. "भाजीत मीठ आणि तिखट एकदम टाकलं," ते म्हणत, "तर भाजी बिघडवली कोणी, हे सांगणार कसं?"

हे सगळं ऐकून पोरं माना डोलवत, आणि बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाऊन सगळंच्या सगळं एकदम बदलून घेत. आबा मागून बघत असत. "हाट्!"

आता कुंदा. आबांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण. बी.कॉम. झाली होती आणि दुकानाचा माल चाळीसगाव, पहूर, एरंडोल असा घरच्या पांढऱ्या फियाटमधून पोचवायची. गाडी तिच्या हातात अशी चालायची, की ट्रकवालेसुद्धा हॉर्न न वाजवता बाजूला होत. तिने धुळ्याच्या शर्यतीत उतरायचं ठरवलं, तेव्हा गावातल्या रिकामटेकड्यांना महिनाभराचं काम मिळालं. मुलीच्या जातीला हे कशाला, हात-पाय मोडला तर पुढे लग्न कोण करणार, आबांना मुलगा नाही ना, म्हणून हे डोहाळे. असल्या लोकांच्या सल्ल्याला फार किंमत देऊ नये. त्यातल्या निम्म्यांना सायकलवर डबलसीट बसायची भीती वाटे.

आबांच्या तुच्छतेत मात्र भेदभाव नव्हता. शेठच्या पोराला जी हाट्, तीच स्वतःच्या पोरीला. तिचा पहिला सराव बघून ते म्हणाले, "हाट्! पोरगी शे म्हणीसन नही. वळणमा पाय उचलस म्हणीसन." मुलगी म्हणून नव्हे, वळणात पाय उचलतेस म्हणून. कुंदा त्या रात्री पोटभर जेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी मुलगी सोडून दुसऱ्या कशासाठी तरी नावं ठेवली होती.

पाय उचलणं म्हणजे भरवेगात वळणात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय अचानक काढून घेणं. तसं केलं की गाडीचा भार झटक्यात पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट सुटते. कुंदाची गाडी मेहरुण तलावापलीकडच्या माळावर रोज सुटायची. ती शपथेवर सांगायची, "मी पाय उचलतच नाही, आबा. जरासा हलवला तरी सुटते." आबांनी नेमाप्रमाणे एकेक गोष्ट बदलून पाहिली. टायरची हवा, मग शॉकअप, मग सांध्यांतले रबरी बुश, मग पुढच्या चाकांचा कोन. गाडी सुटायची ती सुटायचीच.

शेवटी त्यांनी मला गाडीत बसवलं. माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि गाडीही तशीच चालवायचो. माझं वळण म्हणजे लग्नाची वरात. मोकळ्या माळावर, जिथे चिटपाखरू नव्हतं, तिथे मी वळणाआधी हॉर्न वाजवला. आमच्या लग्नाचा विषय नातेवाइकांनी एकदा काढला होता, तेव्हा कुंदा म्हणाली होती, "त्याच्याशी? सप्तपदीला सुद्धा आधी हॉर्न वाजवेल." तर माझ्या हातात गाडी सुटली नाही. कशी सुटेल? बैलगाडी सुटते का?

पण जमलेल्या लोकांना तेवढंच पुरे होतं. पोराच्या हातात गाडी सरळ, पोरीच्या हातात सुटते, म्हणजे खोट पोरीत. बाभळीत जाणाऱ्या शेठच्या पोरांनीही मान डोलवली. मला वाटलं होतं, आबा आता सगळ्यांना मिळून एक सणसणीत हाट् घालतील. ती हाट् आलीच नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून, कुंदाकडे न बघता, छापील मराठीत म्हणाले, "धुळ्याला भाचेबुवा गाडी चालवतील. आपण या वर्षी विश्रांती घ्यावी."

आपण!

कुंदा उठून आत गेली. मी आबांकडे बघत राहिलो. मला त्या क्षणी त्या माणसाचा संताप आला. साऱ्या गावाला तुच्छ लेखणारा हा पहाड, आणि शेवटी निकाल दिला तो गावाचाच. मला शर्यत नको होती आणि मी तसं सांगितलंही. आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दोन-चार दिवसांनी संकष्टी आली. मामी आणि तिच्या दोन बहिणींना एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला जायचं होतं. या तिघी चांगल्या भरदार. मागच्या सीटवर बसल्या तेव्हा फियाट असा काही सुस्कारा टाकून खाली बसली, की मी चाकांकडे वाकून बघितलं. मी पुढे बसलो. कुंदा गेले काही दिवस कोणाशी बोलत नव्हती, आणि जे बोलायचं होतं ते तिने एरंडोलनंतरच्या कच्च्या रस्त्यावर गाडीकडून बोलवून घेतलं. मागून एक मावशी ओरडल्या, "हळू चालाव व बाई! बठ्ठा देव आठेच याद ई ग्यात. मंग देऊळमा जाऊन काय करू?" सगळे देव त्यांना वाटेतच आठवले होते.

टेकडीच्या एका आंधळ्या वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. कुंदाने खरोखरच पाय उचलला. झटकन, पूर्ण. मी दाराची मूठ धरली आणि डोळे मिटले, कारण आता शेपूट दरीकडे जाणार हे मला माळावरच्या चाकांच्या खुणांइतकं स्पष्ट दिसत होतं.

गाडी सुटली नाही. गुमान वळली आणि शेळ्यांच्या अलीकडे उभी राहिली.

कुंदाने माझ्याकडे बघितलं. मग पुढचं वळण तिने मुद्दाम वेगात घेतलं आणि मधोमध पाय उचलला. नाही सुटली. त्याच्या पुढच्यालाही नाही. मागे मामी आणि मावश्या आता देवाला सोडून कुंदाची विनवणी करत होत्या, आणि कुंदा कित्येक दिवसांनी हसत होती. पद्मालयाच्या गणपतीला त्या दिवशी तिने नुसताच उभ्या उभ्या नमस्कार केला. तिला परतायची घाई होती.

दुकानात शिरताच ती म्हणाली, "आबा, मावश्या मागे बसल्या की गाडी सुटत नाही."

"मग शर्यतीला मावश्यांना घेऊन जावं," आबा पेपरमधून मान वर न काढता म्हणाले.

"तुम्हीच सांगता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज पाय माझाच होता, आणि मी तो मुद्दाम उचलला. गाडी हीच. रस्ता माळापेक्षा वाईट. बदललं काय? मागचं वजन."

आबांनी पेपर खाली ठेवला. उठून गाडीपाशी गेले, डिक्कीवर दोन्ही हात टेकून सगळा भार टाकला. रिकामी गाडी जेमतेम हलली. त्यांनी पुन्हा दाबली. मग गोणपाट अंथरून, त्या वयात, पांढऱ्या धोतरासकट गाडीखाली शिरले. आम्हाला फक्त त्यांच्या वहाणा दिसत होत्या. आणि मग गाडीखालून, अगदी हळू, आली.

"हाट्!"

गाडीखाली त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

इथे आमच्या खानदेशची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणीही, कुठलीही गाडी घेतली की आधी मागच्या कमानीत एक जादा पाटा चढवतात आणि मग नारळ फोडतात. गाडी डॉक्टरची असो, वकिलाची असो, आज ना उद्या तिच्यात केळीचे घड नाही तर कापसाची बोचकी भरली जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. जादा पाट्याने गाडीची पाठ ताठ राहते. जितकं ओझं घालाल तितकी ती बरी चालते. आणि रिकामी चालवली, की खड्ड्याखड्ड्याला मागची चाकं जमिनीवर टेकतच नाहीत, नुसती उडतात. रिकाम्या ट्रकमध्ये मागे बसलेल्या कोणालाही हे विचारा. आबांनी हे ज्ञान गावभर वाटलं होतं, चार शब्द जास्त घालूनच. आणि ही फियाट दारात आली त्या दिवशी, नारळाच्याही आधी, आबांनी स्वतःच्या हाताने तिच्या कमानीत जादा पाटा चढवला होता. नंतर त्यांनी गाडीतली एकूण एक गोष्ट तपासली. पाट्याचं नाव त्यांच्या मनात आलं नाही. तो त्यांना बदल वाटतच नव्हता. पाटा तर असतोच.

शेपूट सुटते म्हणून उलट मागची बाजू आणखी आवळावी, असं कोणीही सांगितलं असतं. सुटत होती ती आवळल्यामुळेच.

आबा बाहेर आले. धोतराला ग्रीस, कपाळाला ग्रीस. कुंदा हात बांधून उभी होती. मला वाटलं, आता तरी हा माणूस दोन शब्द बरे बोलेल. चुकलो, पोरी, एवढं म्हणायला काय जातं? पण ते आबांना जमणारं नव्हतं, आणि जमलं असतं तर ते आबा नसते. तिच्याकडे बघत ते गुरकावले, "उभी काय शे? पाना आन! ह्या कारकुननी तोंडकडे काय देखस?"

अहिराणी! कुंदा पाना आणायला पळत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिने लपवलंही नाही.

जादा पाटा निघाला आणि धुळ्याला कुंदाच उतरली. लाउडस्पीकरवाल्याने "आता येत आहेत एक भगिनी" अशी चेष्टेच्या सुरात ओळख करून दिली, आणि कुंदाची पहिली दोन वळणं बघून त्याचा सूर आपोआप खाली आला. गाडी आता झोपाळ्यासारखी डोलत होती, दिसायला ताठ मुळीच नव्हती, पण जमीन सोडत नव्हती. ती पहिली आली असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. दुसरी आली. पहिल्या नंबरच्या पोराकडे नवी गाडी होती आणि त्या दिवशी त्याने डोळे उघडे ठेवले असावेत. कुंदा गाडीतून उतरली तेव्हा आबांनी आधी टायरला हात लावला, मग तिच्याकडे बघितलं. "हाट्! दुसरी. शेवटला वळणमा पाय उचला ना तू?" कुंदा म्हणाली, "उचलला." आबा खूश दिसले. खरं बोलणारा ड्रायव्हर त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

त्यानंतर दुकानात जादा पाटा मागायला कोणी आलं, की आबा विचारत, "आपण गाडी भरून चालवणार की रिकामी?" रिकामी म्हणाला की त्याला परत पाठवत. धंदा बसत चालला तरी हे थांबलं नाही. लोकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाटे चढवून घेतले आणि आबा म्हातारे झाले असं ठरवलं. आमच्या गावाला दुसऱ्याचं काहीही ठरवायला वेळ लागत नाही.

कुंदाचं लग्न चाळीसगावला झालं. तिथे तिने मोटार ड्रायव्हिंगचा क्लास काढला, आणि शिकायला येणाऱ्यांना ती जे काही बोलते ते ऐकून मला आपण हायवेवरच्या दुकानात उभे आहोत असं वाटतं. काही वर्षांनी आबांच्या छातीत दुखू लागलं. इथल्या डॉक्टरांनी धुळ्याच्या एका मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. कुंदा सकाळीच आली. आबांना त्याच फियाटच्या मागच्या सीटवर उशी देऊन निजवलं. मी पुढे बसलो.

निघताना आबा क्षीण आवाजात म्हणाले, "आपणा दोघांना उगाच त्रास झाला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. पण तो 'आपण' दोघांनीही ऐकला होता. एरंडोल गेलं, पारोळा जवळ आला. मागून फक्त श्वास ऐकू येत होता. एरवी भरधाव चालवणारी कुंदा खड्डा जपत, ओठ दाबून चालवत होती. पारोळ्याच्या अलीकडे एक लांबलचक वळण आहे. तिथे समोरून ट्रॅक्टर आला, आणि मागे निजलेल्याला हिसका बसू नये म्हणून तिने पटकन पाय उचलला.

मागून आवाज आला, "हाट्! पाय कसाले उचलस व? मांगे मी शे ना. नही सुटस गाडी."

कुंदा हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. आणि पाय परत टेकवून तिने गाडी वळणातून अशी बाहेर काढली, की आबांनी पुढे धुळ्यापर्यंत तोंड उघडलं नाही.

ते घरी परतले ते पांढऱ्या चादरीखाली, दुसऱ्या गाडीतून. ती पुढे होती, आम्ही दोघं फियाटमधून तिच्या मागे. पारोळ्याजवळचं ते वळण आलं. मागच्या सीटवर फक्त उशी होती. मी सवयीने दाराची मूठ धरली.

कुंदाने पाय उचलला नाही.